आक्काच्या डोक्यावरची फळी

पृथ्वी कशी तापत चालली आहे यावर मोठ्या हॉलमध्ये दोन दिवस भाषणं झाली, आणि दोन्ही दिवस ऐकणारी माणसं कुडकुडत बसली. बाहेर चपलेचा तळ डांबराला चिकटावा असं ऊन; आत मात्र लोकांनी कार्यक्रमात मिळालेल्या कापडी पिशव्या मांडीवर पांघरल्या होत्या. कुणी कुणी तर त्यात हात खुपसून बसले होते. एका वक्त्याने 'आता वेळ हातातून निसटतो आहे' असं म्हणता म्हणता इतकी सणसणीत शिंक दिली की माईकने ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचवली. त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी टाळी त्या शिंकेला पडली.

समारोपाला आयोजकांच्या मुख्य बाई अंगावर लोकरी कोट चढवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जगाला गार कसं करायचं ते या हॉलकडून शिकावं. फक्त त्यापायी बाहेरचं जग किती तापतं, तेवढं विचारू नये." लोक हसले. हॉलचे साहेब पहिल्या रांगेत होते, तेही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हे.

थंडोबा हे सगळं वरच्या काचेच्या खोलीतून पाहत होता. एवढ्या लांबून साहेबांचे कान दिसणं शक्य नव्हतं, पण मान कशी आखडली ते दिसलं. त्याला काही वाटलं नाही. अलीकडे त्याला कशाचंच काही वाटत नसे.

थंडोबा म्हणजे हॉलची हवा गार करणारी यंत्रं चालवणारा माणूस. पगाराच्या पावतीवर दुसरं नाव असणार, पण ते पावती फाडणाऱ्यालाही आठवलं नसतं. हे नाव पडलं ते कामामुळे आणि टिकलं ते स्वभावामुळे. हॉलला आग लागली तर हा आधी चपला शोधेल, त्या पायात नीट घालेल आणि मग 'आग लागलीय वाटतं' म्हणेल, असं सजावटवाले म्हणत. काचेच्या खोलीच्या मागे लागूनच यंत्रांची खोली, आणि तिथे पाणी थंड करणारी दोन अवाढव्य यंत्रं. त्या पाण्यावरून पंखे हवा फुंकायचे, आणि ती हवा छतालगतच्या पत्र्याच्या बोगद्यांतून येऊन जागोजागच्या जाळ्यांतून हॉलमध्ये उतरायची. दोन्ही यंत्रं दिवसभर घरघरत. डबा खाताना थंडोबाची वाटी टेबलावर थरथरत पुढे सरकायची, आणि तो न बघताच ती मागे ओढून घ्यायचा. सुट्टीच्या दिवशी घरी जेवतानाही त्याचा हात मधूनच वाटी मागे ओढायचा. बायको म्हणायची, "अहो, इथं जमीन स्थिर आहे."

त्याला थंडोबा न म्हणणारं हॉलमध्ये एकच माणूस होतं. ती त्याला ठोंब्या म्हणायची.

आक्का त्याच्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा पाटीवर रेघोट्या ओढायच्या वयाचा. आईने जाताना आक्काला सांगितलं, "याच्यावर नजर ठेव." लोक अशा वेळी सांगतात तसंच सांगितलं असेल, पण आक्काने ते शब्दशः धरलं. शाळा सुटायच्या आधीच ती फाटकाशी उभी. हा पतंगामागे धावला की ती याच्यामागे. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "आधी या ठोंब्याला मार्गी लावते." ठोंब्या मार्गी लागला, त्याचं लग्नही झालं, पण तोवर विचारणारे दमून गेले होते. आक्काला त्याचं दुःख असलंच तर ते तिने कुठल्यातरी बॅगेत घालून ठेवलं असेल, कारण तिच्यापाशी बॅगा पुष्कळ होत्या. हॉलच्या मुख्य दाराशी सामान ठेवायचं काउंटर तिच्याकडे होतं. लोकांच्या बॅगा, छत्र्या, हेल्मेटं घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला हातात ठेवायचा. तिथूनच तिने साहेबांच्या आधीच्या साहेबांना गळ घालून धाकट्या भावाला यंत्रांवर चिकटवला होता.

तिच्या काउंटरच्या बरोबर वर हवेची एक जाळी होती.

"ठोंब्या, तुझा तो वारा थेट माझ्या डोक्यावर येऊन बसतो रे," ती एकदा म्हणाली. "मान वळेनाशी झालीय. डावीकडचं गिऱ्हाईक मला सगळंच्या सगळं फिरून बघावं लागतं. त्याला वाटतं, म्हातारी किती अगत्याची!"

"काउंटर दोन हात सरकवून देऊ का?"

"नको. इथंच बरं आहे मला."

मग दुपारी हॉल रिकामा असताना थंडोबाने सजावटवाल्यांनी टाकलेला प्लायवूडचा तुकडा उचलला, शिडी लावली आणि जाळीच्या आतून फळी ठोकून दिली. फटीतून वारा शिट्ट्या मारायला लागला, तेव्हा आक्काने आपला करडा जुना स्वेटर कात्रीने फाडून पट्ट्या करून खालून वर दिल्या. "घे. नाहीतरी कोपराला भोकच पडलं होतं." पट्ट्या फटीत बसल्या, शिट्टी थांबली, आक्काची मान दोन दिवसांत वळायला लागली. विषय संपला.

म्हणजे संपायला हवा होता. पण हॉल बांधणाऱ्याने काटकसर करून हवा मोजणारी डबी सगळ्या हॉलला मिळून एकच बसवली होती, आणि वायर जिथवर पुरली तिथं बसवली होती. म्हणजे आक्काच्या काउंटरमागच्या भिंतीवर. डबीचं काम एवढंच, की हॉल किती तापलाय ते यंत्रांना कळवायचं. डबी प्रामाणिक होती. फळी लागल्यापासून तिच्या कोपऱ्यात गार हवेचा थेंब उतरत नव्हता, म्हणून ती दिवसभर 'उकडतंय, उकडतंय' असं कळवत राहिली. यंत्रं बिचारी आणखी जोर लावत राहिली. सगळा हॉल गारठत गेला आणि डबी तेवढी घामाघूम. गारवा कमी-जास्त करायची कळ होती. पण येणारा-जाणारा ती फिरवतो म्हणून आधीच्या साहेबांनी ती काचेच्या पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं होतं. पुढे ते निवृत्त झाले, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली.

थंडोबाला हे सगळं उमगायला एक अख्खा उन्हाळा लागला. उमगलं त्या दिवशी तो उठला, जिना उतरला, हॉल ओलांडून काउंटरपाशी गेला. आक्का मान उजवीकडे वळवून एकाशी बोलत होती, मग डावीकडे वळवून दुसऱ्याशी. अगदी पोपटासारखी. थंडोबा शेजारच्या नळाचं पाणी प्यायला आणि वर निघून गेला. आक्काला त्याने यातलं काही कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच पावली फळी उतरवायला लावली असती.

वर्षं गेली. हॉलला लोक 'फ्रीज' म्हणायला लागले. नेहमीचे प्रेक्षक भर उन्हाळ्यात काखेत स्वेटर मारून येत, आणि तो आक्काच्या काउंटरवर ठेवायचं नाव काढत नसत. एक गवई गळ्याला मफलर गुंडाळून गायला, ती लोकांना त्याची लकब वाटली. विजेचं बिल बघून साहेब दरवर्षी एकदा कपाळावर हात मारत आणि 'जुनी यंत्रं' असं म्हणून सही करत. जुन्या यंत्रांना कुठं तोंड होतं?

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. दुखणं थोडं, दवाखाना त्याहून थोडा. थंडोबा दोन दिवस घरी बसला आणि तिसऱ्या दिवशी कामावर आला, कारण हॉलमध्ये कार्यक्रम होता. लोक त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो वाटी मागे ओढायचा.

"अहो, एकदा रडून घ्या," बायको म्हणाली. "मोकळं वाटेल."

"हं."

"हं काय? मी काय पाण्याची टाकी धुवायला सांगतेय?"

त्याने प्रयत्नही केला. पलंगाच्या कडेला बसून वाट पाहिली. पाय झोपला तर निदान नंतर मुंग्या तरी येतात. इथं तेही नाही. बायकोने दाराआडून डोकावून विचारलं, "आलं का?" तो म्हणाला, "नाही," आणि उठून जेवायला बसला.

फळी तशीच राहिली. त्या कोपऱ्यात एका माणसाला गार लागू नये म्हणून ती होती. ती काढायची म्हणजे आता तशी गरज उरलेली नाही, हे स्वतःच्या हाताने स्क्रू फिरवून कबूल करायचं. बाकी सगळं त्याने केलं होतं. दवाखान्याचे कागद केले, तिचे कपडे देऊन टाकले, तिच्या खोलीची किल्ली घरमालकाला नेऊन दिली. हे एवढं एक त्याच्याच्याने होत नव्हतं.

आक्काच्या खुर्चीत साहेबांनी रेडिओकाकांना आणून बसवलं. हे एका तिकीटखिडकीवरून निवृत्त झालेले, देहाने ऐसपैस, आणि सकाळी सुरू झाले की हॉल बंद होईपर्यंत थांबत नसत, म्हणून रेडिओ. अख्खा हॉल काकडत असताना हे एकटे रुमालाने मान पुसत.

"थंडोबा, अहो, इथं भट्टी लागलीय! समोरून लोक दात वाजवत येतात आणि मी इथं शिजतोय. लोकांना वाटतं, यांना काही आजार आहे. माझ्या बायकोलाही वाटतं."

"बघतो," थंडोबा म्हणायचा. आणि खरंच बघायचा, वर जाळीकडे. मग जायचा.

तर अशात ते पृथ्वी तापल्याचं संमेलन झालं, आणि कोटवाल्या बाईंनी जाताना साहेबांना सांगितलं की पुढच्या वर्षी आम्ही यायला हवं असेल तर वीज निम्म्यावर आणून दाखवा. वीज कोळसा जाळून येते, आणि ती गेली की मागचा जनरेटर डिझेल पिऊन काळा धूर ओकतो. असल्या हॉलमध्ये बसून हवा वाचवायची भाषणं करायला आम्हाला लाज वाटते. आणखी दोन मोठ्या आयोजकांनी तीच री ओढली. हॉलच्या मालकांना हवेशी देणंघेणं नव्हतं, पण रिकाम्या तारखांशी होतं. एक दिवस फर्निचरच्या गोदामवाल्यांची माणसं येऊन हॉलभर फीत धरून मोजून गेली. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"घरबांधणीच्या सामानाचं प्रदर्शन महिन्याभरावर आलंय. त्या प्रदर्शनात मीटर खाली आला तर हॉल राहील. नाही आला तर इथं सोफे ठेवतील, आणि सोफ्यांना तुमच्यापैकी कुणाचीच गरज नसते."

रेडिओकाका तेवढे म्हणाले, "सोफ्यांना उकडतही नाही."

दुसऱ्या दिवशी वीज वाचवायचं शिकलेली एक इंजिनिअर बाई आली. अंगाने किरकोळ, पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये स्वतःचा स्वेटर. कुणीतरी आधीच सावध केलं असावं. सगळे तिला मॅडम म्हणायला लागले. मॅडमनी पहिले आठ दिवस कुणाशी वाद घातला नाही, नुसत्या फिरल्या. हॉल रिकामा असतानाच सर्वांत जास्त वीज खातो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सजावटवाले स्टॉल उभारायचे तेव्हा ट्रक आत येईल एवढी मागची शटरं सताड उघडी, आणि आत गार हवा पूर्ण जोरात. सगळ्या गल्लीला फुकट गारवा! एक भटका कुत्रा तर रोज ठरल्यासारखा शटरबाहेर पाय पसरून झोपायला यायचा.

मॅडमनी शटरांना प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे लावले. सजावटवाल्यांचा मुकादम चिडला. "मॅडम, प्रत्येक खांब आत नेताना ही झालर माझ्या तोंडावर बसते. लग्नातला नवरदेव झालोय मी!"

"मग लाजा थोडं, आणि खांब लवकर आत न्या," मॅडम म्हणाल्या.

उभारणीच्या दिवशी थंड हवा बंद, नुसते पंखे. जुने मोठे दिवे गेले, नवे आले. कुणी नसताना चालणारे सरकते जिने थांबले. गर्दी आत आली की मगच यंत्रं जोरात, कारण प्रत्येक माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडीच, आणि शेगड्या यायच्या आधी खोली गारठवून ठेवण्यात अर्थ नाही. मॅडम हे समजावून सांगत, आणि त्या सांगतील ते थंडोबा करत होता. हे बंद करा, केलं. ते उशिरा लावा, लावलं. मॅडमनी विचारलं त्याची उत्तरं त्याने बरोबर दिली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. फक्त न विचारलेलं बोलणाराही नव्हता.

दिव्यांची वीज उतरली, जिन्यांची उतरली. थंड हवेची मात्र काही केल्या हलेना. माणसं असोत-नसोत, चालू केलं की दोन्ही यंत्रं जिवाच्या आकांताने धावत. मॅडम डबीपर्यंत पोचल्या. डबी म्हणते उकडतंय, आणि हॉलमध्ये फिरताना मॅडमच्या हातावर काटा. "डबी बिघडलीय," त्या म्हणाल्या. नवी डबी मागवली. नव्या डबीनेही पहिल्याच दिवशी तेच रडगाणं लावलं.

"वायरीचा दोष असेल," मॅडम वैतागून म्हणाल्या. "जाऊ दे. उद्या डबीच इथून काढून मधल्या खांबावर लावू. चालेल ना काका?"

"चालेल," थंडोबा म्हणाला.

खरंच चालणार होतं. डबी खांबावर गेली की ती गारव्यात येणार, यंत्रं शांत होणार, मीटर उतरणार, हॉल वाचणार. आणि फळी जिथल्या तिथं. कुणी विचारणार नाही, कुणाला सांगायला नको. त्या संध्याकाळी त्याने घरी आणखी एक पोळी मागून घेतली. बायकोने डोळे मोठे केले, पण बोलली नाही. दृष्ट लागायला नको म्हणून.

सकाळी मॅडम डबीचे स्क्रू काढायला काउंटरमागे गेल्या. रेडिओकाका चालूच होते.

"मॅडम, डबी हलवताय ते बरं करताय, पण जाता जाता मलाही हलवा. डबीला उकडतं म्हटल्यावर तुम्ही नवी डबी आणलीत. मी हिवाळ्यापासून तेच बोंबलतोय, तर माझ्या जागी कुणी नवा आणला नाही."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी अंगातला स्वेटर चाचपला. काउंटरच्या मागे त्यांना तो नकोसा झाला होता. त्यांनी हात वर धरून हवेचा अंदाज घेतला. मग जाळीखाली उभं राहून एक कागदाचा तुकडा उंच धरला. शेजारच्या जाळ्यांखाली कागद फडफडत होता. इथं तो मेल्यासारखा लोंबत राहिला.

"डबी खरं बोलतेय," मॅडम हळूच म्हणाल्या. "काका, शिडी आणा."

थंडोबाने शिडी आणली. मॅडम चढल्या, तो धरून उभा राहिला. शिडी धरलेल्या माणसाला पळून जाता येत नाही, हा शिडी धरण्यातला मोठा तोटा.

"आत फळी आहे!" वरून आवाज आला. "स्क्रू मारून बसवलेली. हे कुणी केलंय?"

"मी."

"का?"

"आक्काला गार लागायचं."

मॅडमनी खाली रेडिओकाकांकडे पाहिलं. रेडिओ त्या दिवशी पहिल्यांदा बंद पडला होता. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "यांची बहीण. माझ्याआधी इथं बसायची. हिवाळ्यात गेली."

मॅडम दोन पायऱ्या उतरून शिडीवरच बसल्या.

"यामुळे डबीला उकडतं, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी इतके दिवस पडदे लावतेय, दिवे बदलतेय, त्या मुकादमाच्या शिव्या खातेय, आणि तुम्हाला माहीत होतं!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाही."

मॅडमना राग आवरेना, आणि रागात हसूही आवरेना. "अहो काका, काउंटर दोन हात सरकवलं असतं तरी भागलं असतं! एवढीशी गोष्ट!"

"म्हटलं होतं मी. ती नको म्हणाली."

"का?"

थंडोबाने शिडी सोडली नाही. नुसती हनुवटी उचलून दाखवली. काउंटरपासून दोन खांबांच्या मधून सरळ नजर जात होती, हॉलच्या पार त्या टोकापर्यंत, वर काचेच्या खोलीपर्यंत. दोन हात इकडे झालं तर एक खांब आडवा येत होता, दोन हात तिकडे झालं तर दुसरा.

"इथूनच दिसायचं."

"काय दिसायचं?"

"मी."

मॅडमनी तिकडे पाहिलं. काचेत आता फक्त एका नव्या दिव्याची तिरीप होती. मग त्या उतरल्या, हात झटकले, आणि समजुतीचं वगैरे काही बोलल्या नाहीत. हे थंडोबाला बरं पडलं.

"मला हे साहेबांना सांगावं लागेल."

"हो."

"फळी मी काढू, की तुम्ही काढता?"

"द्या," थंडोबा म्हणाला आणि पेचकस घेऊन वर चढला.

स्क्रू गंजून बसले होते. एकेक करकरत निघाला. कसं होईल, याचा त्याने हिवाळ्यापासून धसका घेतला होता, आणि झालं ते इतकंच, की एक फळी सुटली. फटीतल्या करड्या लोकरीच्या पट्ट्या हातात आल्या. त्याने एक पट्टी नाकाशी धरली. धुळीचा वास होता, बाकी कसलाच नाही. जाळीतून हवा त्याच्या तोंडावर आली आणि खाली पडली. खाली रेडिओकाकांनी गळ्याची गुंडी उघडली आणि डोळे मिटून म्हणाले, "आहाहा! आता बायकोला सांगतो, मी ठणठणीत आहे." थंडोबाने पट्ट्या खिशात कोंबल्या आणि फळी काखेत मारून उतरला.

साहेबांनी ऐकलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले.

"एका फळीपायी? इतकी वर्षं? एका बहिणीला गार लागतं म्हणून तू अख्ख्या शहराला गारठवलंस?"

"हो साहेब."

"अरे, निदान नाही तरी म्हण! म्हणजे मला ओरडता तरी येईल."

थंडोबाने काखेतली फळी टेबलावर ठेवली. त्याच्या वतीने काही बोलावं असं मॅडमना वाटलं असेल, पण त्या न्यायाने वागल्या: फळी त्याची, पेटीचं कुलूप हॉलचं आणि एकच डबी बांधणाऱ्याची, असं त्यांनी तिघांना वाटून दिलं. साहेबांनी त्याच दुपारी हातोडा मागवून पेटीची काच फोडली. फोडताना त्यांना फार बरं वाटलं असावं, कारण फुटल्यावरही त्यांनी आणखी दोन घाव घातले.

प्रदर्शन भरलं. नळ, फरशा, दरवाजे, कड्या. माणूस किडामुंगीसारखा लोटला होता. लोक हॉलमध्ये शिरताना सवयीने स्वेटर चढवत, चार पावलं जात आणि बावळटासारखं इकडेतिकडे बघत तो काढत. रेडिओकाकांचं काउंटर स्वेटरांनी ओसंडून गेलं. दुपारी मॅडम यंत्रांच्या खोलीत आल्या, आकडे बघितले आणि म्हणाल्या, "दुसरं यंत्र बंद करा. एकावर भागतंय."

थंडोबाने कळ दाबली. दुसरं यंत्र एक लांब सुस्कारा टाकून थांबलं. एवढी वर्षं दोन आवाज एकमेकांत मिसळून होते, म्हणून ते दोन आहेत हेच तो विसरला होता. आता एकच उरला, आणि तो एकटा फार बारीक वाटला. थंडोबा डबा खायला बसला. वाटी जागची हलली नाही. त्याचा हात मात्र ठरल्या वेळी गेला आणि त्याने ती ओढली. पातळ भाजी सगळी मांडीवर. ती गरम होती, हे त्याला पँट झटकून झाल्यावर कळलं.

मीटर उतरला. सोफेवाल्यांनी मोजलेली मापं वाया गेली. कोटवाल्या बाईंनी पुढच्या वर्षीची तारीख घेतली. मॅडम दुसऱ्या कुठल्यातरी हॉलला गेल्या. जाताना त्यांनी स्वेटर सॅकच्या तळाशी घातला. सगळी यंत्रं आता कार्यालयातल्या संगणकावरून चालणार असं ठरलं, काचेच्या खोलीला कुलूप लागलं, आणि थंडोबाचं काय करायचं हा प्रश्न उरला.

साहेबांनी त्याला बोलावलं. कामावरून काढायचं त्यांच्या मनात होतं की नाही कोण जाणे. पण मॅडमनी काउंटरचं, खांबांचं आणि काचेचं त्यांना सांगितलं असणार. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "रेडिओला चौकशीच्या माईकवर घेतोय. तिथं बोलायचाच पगार आहे. तुला त्या कोपऱ्याची एवढी काळजी ना? बस आता तिथंच. तेवढीच तुझी शिक्षा."

"बरं साहेब," थंडोबा म्हणाला.

आता तो आक्काच्या खुर्चीत बसतो. बॅगा घेतो, बिल्ले देतो. वर फळी नाही. संगणक सांगतो तेवढी हवा जाळीतून उतरते आणि थेट मानेवर येऊन बसते. हॉल आता फ्रीज राहिलेला नाही. पण जाळीखाली बसणाऱ्याला जाळीखालचंच मिळतं. चौथ्या दिवशी घरी जेवताना बायकोने विचारलं, "मान का अशी वाकडी?"

"गार लागतं तिथं," तो म्हणाला.

बायकोचा हात पातेल्यावर थांबला. लग्न झाल्यापासून या माणसाने उकडतंय किंवा गार लागतंय असं म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. "काय म्हणालात?"

"गार लागतं. तिला लागायचं, तसंच." त्याने मान चोळली. "फार लागतं गं."

बायकोने उठून कपाटातून त्याचा मफलर काढला, झटकला आणि त्याच्या डब्याशेजारी ठेवून दिला. मग जरा वेळाने, भांडी आवरता आवरता, पाठमोरीच म्हणाली, "अहो, काउंटर सरकवून घ्या की मग दोन हात. आता कोण नको म्हणतंय?"

"नको," तो म्हणाला. "इथंच बरं आहे मला."

दुसऱ्या दिवशी तो मफलर गुंडाळून बसला होता. माईकवरून रेडिओकाका हरवलेल्या छत्रीचं कौतुक सांगत होते. एका माणसाने काउंटरवर बॅग ठेवली आणि डावीकडून हाक मारली. थंडोबाला मान वळवता येईना, म्हणून तो खुर्चीसकट सगळाच्या सगळा त्याच्याकडे फिरला. माणूस खूश झाला. थंडोबाने बिल्ला दिला, परत सरळ झाला, आणि दोन खांबांच्या मधून वर पाहिलं. काचेच्या खोलीत कुणी नव्हतं. तरी त्याने जरा वेळ पाहून घेतलं.